एका हाताचा ब्रेक

दत्तू, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला, आणि मला तुझा राग आला.

बाकी सगळे खूश होते. थोरल्यानं पिंड ठेवला, चार पावलं मागं सरकला, आणि भावकीतले म्हातारे घसे खाकरून पुढं झाले. कावळा अडला की काय काय कबूल करायचं ते घरून ठरवूनच आले होते बिचारे. नातीचं लगीन करू, वहिनीला अंतर देणार नाही, विहिरीवरचा वाद मिटवू. त्यातलं एकही वाक्य बोलायची वेळ आली नाही. बाभळीवरनं कावळा उतरला आणि हात जोडायच्या आत घास घेऊन गेला. "इच्छा काय राह्यली न्हाय बगा," असं जो तो एकमेकाला सांगायला लागला.

म्हणे इच्छा राहिली नाही! अरे, दीड वर्ष एका इच्छेपायी तू माझं डोकं खाल्लंस. सायकलवर एकट्यानं कालव्याच्या भरावानं पाणी सोडायच्या वरच्या दारापर्यंत जायचं आणि परत यायचं. सोबत कुणी नको, मागं कुणी नको. ती इच्छा पुरी झाली नाही, आणि ती कुणी अडवून ठेवली ते तिथल्या गर्दीत फक्त मला माहीत होतं. मीही एक वाक्य ठरवून आलो होतो. कावळा अडला असता तर सगळ्यांसमोर पुढं होऊन म्हणणार होतो की दत्तू, मी तुझ्याशी खोटं बोललो, ब्रेक कधीच तयार झाला होता. पण तुझ्या कावळ्याला घाई. वाक्य तोंडात तसंच घेऊन घरी आलो.

आता सगळं पहिल्यापासनं सांगतो. तुला माहीत आहे, तरी ऐकून घे. निदान आता मधे बोलणार तरी नाहीस.

तू पाटकरी. कालव्याचं दार उघडायचं, चारीला पाणी सोडायचं, कुणाची पाळी कधी, कुणी रात्रीत दुसऱ्याचं पाणी वळवलं, ही भांडणं सोडवायची. सणसरपासून वरच्या दारापर्यंतचा भराव तू तीस वर्षं त्या काळ्या सायकलवर पालथा घातलास. मी कारखान्यात फिटर. शाळेत एका बाकावर होतो, त्यानंतर तू पाण्याचा झालास आणि मी लोखंडाचा. निवृत्तीनंतरही तू रोज सकाळी भरावानं चक्कर मारून यायचास. "दार नीट हाय का बगून आलो," म्हणायचास. जसं काय तुझ्याशिवाय ते दार पळून जाणार होतं.

मग डावं अंग गेलं. पाय महिन्या-दोन महिन्यांत बऱ्यापैकी परत आला, पण हात नाही आला. हँडलवर ठेवला की राहायचा, पण बोटं मिटायची नाहीत. मी भेटायला आलो तेव्हा तू खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होतास. तब्येत कशी आहे विचारलं तर म्हणालास, "तब्येतीचं काय घिऊन बसलाय? पोरगं मला मोटरसायकलीवर मागं बसवतंय आन कमरंला टावेल बांदतंय. पोतं असल्यावानी. पोत्याला तरी लोक इचारत न्हायत, काका बरं हाय का म्हणून."

मी हसलो. तू हसला नाहीस. मग उजव्या हातानं माझं मनगट धरलंस आणि म्हणालास, "फिटर, मला एका हाताचा ब्रेक करून दे."

उजव्या हाताला पुढचा ब्रेक. मागचा डाव्याला, आणि डावा हात असून नसल्यासारखा. उतारावर नुसता पुढचा दाबला तर माणूस हँडलवरनं पुढं जाणार. म्हणजे उजव्या हातानं एकच लिव्हर दाबायची आणि दोन्ही चाकं धरली पाहिजेत. कागदावर पाच मिनिटांचं काम. आपल्याला पावसाळा, दिवाळी, उन्हाळा आणि पुढचा पावसाळाही लागला.

पहिली अक्कल तुझी होती, हे लिहून ठेवतो. मागचा ब्रेक सीटाला जोडायचा, म्हणजे माणूस मागं रेलला की ब्रेक लागेल. हात मोकळे! मी दोन दिवस खपून सीटाखाली स्प्रिंग आणि वायर बसवली. तुझ्या दारातला रस्ता तुला माहीत आहे. प्रत्येक खड्ड्याला बूड आपटायचं आणि प्रत्येक आपटीला ब्रेक लागायचा. अंगणातनं डेअरीपर्यंत जाईस्तोवर मी सतरा वेळा थांबलो. डेअरीवरची मंडळी विचारायला लागली, नाना, देवदर्शनाला निघालाय का, पावलापावलाला थांबताय?

मग बारामतीत जाऊन मोपेडची लिव्हर आणि क्लचच्या वायरी आणल्या. दोन्ही वायरी एका लिव्हरला. आता वेगळीच तऱ्हा, पुढचं चाक कचकन धरायचं आणि मागचं खुशाल फिरत राहायचं. दोन्हींची ओढ सारखी कशी करायची यावर आपण आठवडाभर बसलो. वहिनी चहा ठेवून जायच्या, चहावर साय धरायची आणि आपण तसाच प्यायचो. शेवटी मी म्हणालो, मधे एक पट्टी घालू. पट्टीला मधोमध भोक, त्यात लिव्हरची वायर. दोन टोकांना दोन ब्रेक. जी वायर आधी ताणेल ती थांबेल, दुसरी तिला गाठेल.

तू एकदम खाटेवर उठून बसलास. "आरं, हे तर जू हाय!"

आणि तिथनं आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणालो, मागच्याला जोर जास्त पाहिजे, म्हणजे माणूस पालथा होणार नाही. भोक मधोमध नको, बाजूला घेऊ. तू म्हणालास बाजूला घे, पण मागच्याच्या जवळ घे. मी म्हणालो, गप रे, लांब दांड्याच्या पान्यानं नट लवकर सुटतो, लांबी जिकडं जोर तिकडं. मागच्याला लांब बाजू देणार. तू कपाळावर हात मारून घेतलास. "फिटर, तू जल्मात बैलं जुपलीत का? येक बैल अंगानं कमी आसला तर जुवाची दोरी जोरकस बैलाकडं सरकवत्यात. ज्याच्या जवळ दोरी त्याच्याव वजं. लांब ऱ्हातो त्याला हलकं." मी म्हणालो, कारखान्यात अडतीस वर्षं बैलं नव्हती, मशिनी होत्या. आणि माझ्याच हिशेबानं भोक पाडलं.

त्या दिवशी दुपारी चाचणी घेतली. भरावाच्या उतारावरनं मी सायकल सोडली, खाली चारीपाशी लिव्हर दाबली, आणि पुढचं चाक असं धरलं म्हणतोस! सायकल जागच्या जागी, आणि मी चारीच्या चिखलात, उताणा. चष्मा कुठं, चप्पल कुठं. वर बघतो तर तू भरावावर काठी टेकून उभा, आणि हसतोयस. वाकडं झालेलं तोंड आणखी वाकडं करून, खांदे उडवत, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसतोयस. वहिनी पदर सावरत धावत आल्या. मी पडलो म्हणून नव्हत्या आल्या. तुझा आवाज ऐकून आल्या. अंग गेल्यापासनं सात महिन्यांत घरात कुणी तुला हसताना ऐकलं नव्हतं.

त्या चिखलासाठी मी तुझा कायम आभारी आहे दत्तू. माझी बायको, सुमन, गेल्यानंतर मीही इतका हसलो नव्हतो.

दुसऱ्या पट्टीला तुझ्या बैलाच्या हिशेबानं भोक पाडलं आणि ते बरोबर निघालं. त्यावर तू थांबलास का? नाही. मग म्हणायला लागलास की आता पुढच्यालाच थोडा जोर वाढव, कारण खरं थांबवतं ते पुढचंच चाक, मागचं नुसतं फरफटतं. हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. मी तुला म्हणायचो, तू पाण्याचा माणूस, पाणी अडवायचं तर पुढनंच अडवतोस. तू म्हणायचास, तू चिखलात पडलेला माणूस, तुझं मत धरायचं नसतं.

आता खरं ते सांगतो.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात ब्रेक तयार झाला. पुरता तयार. मी डावा हात पाठीमागं धरून भरावाचा उतार तीनदा उतरलो. तिन्ही वेळा सायकल लोण्यासारखी थांबली, मला पाहिजे तिथं. परत आलो तेव्हा तू अंगणात खाटेवर पाय खाली सोडून बसला होतास, चप्पल घालून. "झाला का रं?" असं इतक्या आशेनं विचारलंस. आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "नाही. मागचा अजून सरकतोय. आठ दिवस थांब."

का म्हणालो? तेव्हा मनाशी म्हटलं, काळजीपोटी. तू पडलास तर वहिनींना काय तोंड दाखवू? खोटं आहे ते. ब्रेक इतका चांगला होता की पोरीबाळींना दिला असता.

खरं कारण माझं घर. सुमनला जाऊन चार वर्षं झाली. पोरगा पुण्याला, रविवारी फोन करतो, जेवलास का विचारतो, मी जेवलो म्हणतो. सकाळ कशीही जाते, भाजी निवडण्यात, पेपरात. दुपारी तीननंतर घर अंगावर येतं. आणि दीड वर्ष मला चार वाजता जायला एक जागा होती, हातात पाना होता, माझी वाट बघणारा माणूस होता. तू एकदा सायकलवर बसलास की तुझा कालवा, तुझी दारं, भरावावर भेटणारी तुझी माणसं. मग फिटरला कोण विचारतो?

म्हणून त्या संध्याकाळी निघताना पट्टीचा नट मी अर्धा आटा ढिला केला. दुसऱ्या दिवशी तुझ्यासमोर आवळला, चाचणी घेतली, मान हलवली, आणि निघताना परत ढिला केला. आठ दिवसांचे पंधरा झाले, दिवाळी गेली, संक्रांत गेली. कधी वायर ताणते म्हणालो, कधी रबर कच्चं म्हणालो. गावात कुणी विचारलं तर सांगायचो, काय करणार, दत्तूला माझ्याशिवाय आहे कोण? मी गेलो नाही तर दिवसभर भिंतीकडं बघत पडेल बिचारा.

तू एकदाही चिडला नाहीस. तिथंच मला कळायला पाहिजे होतं. पाणी दहा मिनिटं उशिरा आलं तर वरच्या पाटकऱ्याच्या सात पिढ्या काढणारा माणूस तू, आणि मला रोज म्हणायचास, "आसू दे, आसू दे, सावकाश कर. च्या घे आदी." मला वाटायचं दुखण्यानं माणूस मऊ झाला.

आणि मग त्या सकाळी फोन आला. चहा पिता पिता गेलास म्हणाले. कुणाला काही करायला वेळच दिला नाहीस. मी आलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती, आणि शेडमधे सायकल उभी होती. तिच्याकडं बघायची माझी छाती झाली नाही. तुझ्याकडं बघितलं, तिच्याकडं नाही.

दहाव्याचा राग डोक्यात घेऊन तेराव्याला आलो. पंगत उठल्यावर, मंडळी पान खात बसलेली असताना, मी शेडमधे गेलो. म्हटलं, निदान नट तरी आवळून ठेवू. एवढं तरी तुझ्यासाठी नीट करू. पाना लावला.

नट हलेना. घट्ट आवळलेला होता.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तू गेलास त्याच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः ढिला केला होता, माझ्या या हातानं. तू गेल्यावर सायकलीला कोण हात लावणार? लिव्हर दाबली. दोन्ही चाकं धरली. वाकून रबरं बघितली. मी बसवलेली नवी रबरं घासून निम्मी झाली होती. माझ्या रोजच्या दोन उतारांनी रबर एवढं झिजत नाही, हे कुठल्याही फिटरला कळतं.

वहिनी मागच्या दारात भांडी लावत होत्या. मी विचारलं, वहिनी, सायकल कुणी चालवली?

त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "भावजी, रागावू नगा," म्हणाल्या. "रोज चालवत हुते की. उजाडलं की निगायचे. आदी पाना घिऊन बसायचे. बगू फिटरनं आज किती ढिला केलाय म्हनायचे, आन हसत हसत आवळायचे. वरच्या दारापतुर जायाचे, तितं कट्ट्याव घटकाभर बसायचे, आन परत."

"किती दिवस?"

"दसऱ्यापासनं. आन आल्यावर पुन्यांदा तेवढाच ढिला करून ठिवायचे. इसरले न्हाईत कदी. येक दिस म्या म्हनलं, आवो ही कसली नाटकं दोगांची? सरळ सांगून टाका त्यास्नी. तर म्हनले, सांगितलं तर त्यो उद्यापासनं चार वाजता कुठं जाईल? त्याला घरी कोन हाय? माजं काय, मला तू हाय, पोरं हायती. त्याचं चालू दे."

मी पाना खिशात घातला. वहिनीच पुढं म्हणाल्या, "त्या दिशी परत आले आन म्हनले, आज दमलोय, आदी च्या दे. नट तेवढा ऱ्हायला."

भरावावर तुला कुणी बघितलंच नसेल असं कसं, विचारलं तर म्हणाल्या, "समद्यांनी बगितलं. त्यांनी समद्यास्नी सांगून ठिवलं हुतं, फिटरला बोलायचं न्हाय."

म्हणजे सणसरपासून वरच्या दारापर्यंत सगळ्या भरावाला माहीत होतं. एक मी सोडून. डेअरीवर ज्यांना मी ऐटीत सांगायचो की दत्तूला माझ्याशिवाय कोण आहे, ते माझ्याकडं बघून मान डोलवत होते! अरे लबाडा! अरे भामट्या! त्या शेडमधे उभा राहून तुला इतक्या शिव्या घातल्या मी, की वहिनी परत बाहेर आल्या. मग शिव्या संपल्या, आणि मी तिथंच पोत्यावर बसलो. म्हातारा माणूस असा मोठ्यानं रडतो हे बरं दिसत नाही. पण तिथं बघायला तू नव्हतास.

एक गोष्ट चांगली झाली. तू गेलास तो तुझा कालवा बघून गेलास, शेवटच्या सकाळीसुद्धा, एकटा, स्वतःच्या हातानं थांबत. ते मी केलेल्या ब्रेकवर झालं. माझ्या खोटेपणाला न जुमानता झालं, पण झालं. एवढ्याचा आनंद मला आहे आणि तो माझ्याकडनं कुणी घेणार नाही.

पण बाकीचं मला पचत नाही. चार-पाच महिने मी रोज चार वाजता तुझ्यावर उपकार करायला येत होतो. रुबाबात यायचो. पाना खिशात, चेहऱ्यावर काळजी. आणि तू स्वतःचा लुळा हात बाजूला ठेवून, शहाण्यासारखा, माझा आजार सांभाळत होतास. आजारी कोण होतं हे तुला कळत होतं. मला कळत नव्हतं.

निघताना वहिनी म्हणाल्या, "चार वाजता येत जावा भावजी. च्या तर हुतोच." मनापासून म्हणाल्या. पण कसा येऊ? तू होतास तेव्हा तुझ्या अंगणात यायला मला कारण लागत नव्हतं, तरी मी कारण तयार करत बसलो. आता कारण लागतं, आणि एकही सापडत नाही. वहिनींच्या घरी रोज एकटा पुरुष येऊन बसला तर गावाला चार दिवस कौतुक वाटेल, पाचव्या दिवशी तोंडं सुटतील. त्या बाईला तेवढा ताप द्यायचा नाही मला.

काल चारला सवयीनं चपला घातल्या, दाराला कडी लावली आणि पायरीवर उभा राहिलो. समोरची आक्का ज्वारी पाखडत होती. "कुठं निगाला नाना?" म्हणाली. मी म्हटलं, "हितंच." कडी काढून परत आत आलो.

तू सगळं ओळखून होतास, म्हणून तुला कधी सांगावं लागलं नाही. सांगायला पाहिजे होतं रे. नट ढिले करत बसण्यापेक्षा एकदा तुझ्या खाटेवर बसून तोंडानं म्हणायला पाहिजे होतं. दोन शब्द होते. ते आता म्हणतो, ऐकायला कुणी नाही तरी म्हणतो.

दत्तू, करमत नाही.